ऑनरेबल उक्पाईचं वय

उक्पाई इमागाचं एक पत्र माझ्या टेबलाच्या खणात बरेच महिने उत्तराविना पडून होतं. विधानसभेचं चिन्ह छापलेला जाड कागद, वर सोनेरी पट्टी. त्याचा सचिव ते गाडीतून घेऊन आला आणि माझ्या हातात देऊन दारातच उभा राहिला. "सावकाश वाचतो," म्हटल्यावर गेला.

ऑनरेबल उक्पाई इमागा यांच्या लोकसेवेवर एक ग्रंथ निघणार होता. राजधानीतल्या मोठ्या हॉटेलात त्याचं प्रकाशन व्हायचं होतं, आणि त्यातलं पहिलं प्रकरण, म्हणजे बालपणाचं, मी लिहावं अशी त्याची इच्छा होती. 'आपण मला पाचवीत शिकवलंत. त्या दिवसांच्या आठवणी आपल्यासारख्या विद्वानाच्या लेखणीतून उतराव्यात,' असं त्यात वाक्य होतं.

मी उक्पाईला पाचवीत शिकवलेलं नाही. मी उक्पाईबरोबर पाचवीत होतो. आम्ही एकाच बाकावर बसायचो. तो खिडकीकडच्या बाजूला, कारण तिथून बाहेर उडी मारायला सोपं पडे.

उत्तर लिहायला मी कितीदा तरी बसलो, पण मायन्यापाशीच अडायचो. 'प्रिय उक्पाई' लिहिलं की खोटं वाटे आणि 'माननीय महोदय' लिहिलं की माझीच मला लाज वाटे. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, निवृत्त होईपर्यंत तिथलं ग्रंथालय सांभाळलं, पण समोरच्याला 'नाही' कसं म्हणावं ते मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही. पत्र खणात राहिलं.

हा माणूस मला आवडत नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने माझं बोलणं थोडं चाळून घ्यावं. माझ्या हातून अन्याय होत असेल, तशी शंका मला नेहमीच येते. पण त्याची कारकीर्द तर आमच्या अमाओजी गावात सगळ्यांना तोंडपाठ आहे.

लष्कराची राजवट संपून सैनिक बराकीत परत गेले आणि निवडणुका सुरू झाल्या, तेव्हा उक्पाई वसतिगृहांना गाद्या पुरवायचा. त्या गाद्यांत ढेकूण आधीपासूनच असत. पहिल्याच निवडणुकीत तो राज्याच्या विधानसभेत गेला आणि मधली एक हार सोडली तर तिथून हललाच नाही. पक्ष मात्र त्याने चार बदलले. प्रत्येक वेळी घराच्या फाटकाला नव्या पक्षाचा रंग दिला जाई, त्यामुळे सत्ता कुणाची आहे हे आमच्या बायकांना बाजाराला जाता जाता कळायचं. एकदा राज्यपालाला काढायचा ठराव येणार होता. आमच्याकडे राज्यपाल निवडून येतो आणि विधानसभा त्याला काढू शकते. राजदंड मेजावर नसेल तर सभागृह भरत नाही, म्हणून या गृहस्थाने राजदंड पायघोळ झग्याखाली लपवला आणि मागच्या भिंतीवरून उडी टाकली. राज्यपाल वाचला, उक्पाईचा गुडघा गेला. तेव्हापासून तो लंगडतो, आणि भाषणात गुडघ्यावर हात ठेवून म्हणतो, "ही लोकशाहीची जखम आहे." इतक्या वर्षांत त्याने सभागृहात स्वतःच्या नावे एकच प्रस्ताव मांडला. राज्यपालाच्या वाढदिवसाच्या अभिनंदनाचा. तो एकमताने मंजूर झाला. गावात त्याची एक विंधणविहीर आहे. तिच्यावरचं त्याचं नाव लांबूनही वाचता येतं. पाणी उद्घाटनाच्या दिवशी टँकरने आणलेलं होतं.

आता त्याला सभापती व्हायचं होतं, आणि त्याच्या पक्षाला 'तरुण चेहरे' हवे होते. म्हणून त्याने कोर्टातून प्रतिज्ञापत्र करून आपलं वय पंचावन्नावर आणून ठेवलं. कोर्टात तेवढं चालतं. पण आमच्या गावात माणसाचं वय कागदावर नसतं, फळीत असतं. दोन-तीन वर्षांच्या अंतरात जन्मलेल्या पोरांची एक फळी होते. ती एकत्र रस्ते झाडते, एकत्र वर्गण्या देते, एकमेकांच्या शवपेट्या खांद्यावर घेते. आमच्या फळीचं नाव 'पूल बांधणारे', कारण तरुणपणी आम्ही ओढ्यावर पूल बांधला. उक्पाई त्या वेळी काठावर उभा राहून "डावीकडे, डावीकडे" करत होता, पण होता आमच्यातच.

त्या वर्षी पावसाळा सरून कोरडा वारा सुरू झाल्यावर आमच्या फळीने कुदळ ठेवायची होती. कुदळ ठेवली की गावकाम सुटतं, माणूस वडीलधाऱ्यांत बसतो आणि मेल्यावर त्याच्यासाठी मोठा ढोल वाजतो. कुदळ ठेवायच्या आधी जो मरतो, त्याला तरुण माणसासारखं गुपचूप पुरतात. भर दुपारी, ढोलाशिवाय.

आणि आमच्या फळीतला ओलुगू मरायला टेकला होता.

ओलुगू ट्रक चालवायचा. सबंध देश त्याने शिव्या देत पालथा घातला होता. आता त्याचे पाय सुजून खांबासारखे झाले होते, आणि आडवा झाला की श्वास लागायचा, म्हणून तो दिवसभर भिंतीला टेकून बसलेला असे. मी भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको ओयिदिया त्याला कडूपाल्याचं सार भरवत होती.

"मास्तर आले बघा," ती म्हणाली. "आता तुम्हीच सांगा यांना. चार घास पोटात गेले तर कुदळ उचलायची ताकद येईल."

"कुदळ उचलायची नसते गं, ठेवायची असते," ओलुगू धापा टाकत म्हणाला. "ठेवायला काय लागतं? हातातून सोडली की झालं. एलेके, तारीख ठरली का?"

"अवा बैठक घेतोय."

"त्याला म्हणावं लवकर घे. माझ्या बापाला ढोल मिळाला नाही. दोन महिने कमी पडले त्याला. आई मरेपर्यंत तेच बोलायची." मग ओयिदियाकडे बघून म्हणाला, "ही तर त्याहून बोलेल. हिचं तोंड बघ."

"बोलेनच," ओयिदिया म्हणाली. "थडग्यापाशी उभी राहून बोलेन. आता गिळा."

बैठक अवाच्या अंगणात भरली. अवा आमच्या फळीचा म्होरक्या. जुना रेल्वेवाला, आवाज अजून इंजिनासारखा. बैठकीत मानाने वाटायच्या कडू कोलाच्या बिया फोडून ताटली फिरायला लागली, तेवढ्यात बाहेर तीन गाड्या थांबल्या आणि उक्पाई आत आला. मागे दोन बोकड, पेयांचे खोके. बसायला खुर्ची मिळाली, ती नेमकी फळीच्या ओळीत.

कोला आमच्यात जन्माच्या क्रमाने घेतात. आधी अवा, मग मी, माझ्यानंतर उक्पाई, त्याच्यानंतर ओलुगू, आणि पुढे बाकीचे. पाळण्यापासूनची सवय ती. ताटली माझ्याकडून पुढे सरकली आणि उक्पाईचा हात आपोआप तिच्यावर गेला. बी उचललीसुद्धा त्याने. मग चटका बसल्यासारखी ती परत ठेवली आणि हात झग्यात लपवला.

अंगणात कुणीतरी फिस्सकन हसलं.

"खा की," अवा म्हणाला. "तुझा नंबर आला म्हणून घेतलीस ना?"

"नाही नाही, वडीलधाऱ्यांनी आधी घ्यावी," उक्पाई म्हणाला. "मी लहान आहे."

"लहान? अरे, तुझ्या सुंतेच्या जेवणाला माझ्या आईने यामचे कंद कुटले होते!"

"कुणाच्या तरी सुंतेला कुटले असतील, काका."

त्याने अवाला 'काका' म्हटलं. अवाचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. एकाच डबक्यात पोहायला शिकलेली माणसं ती.

उक्पाईने मग आपलं म्हणणं मांडलं. समारंभ पुढच्या वर्षी करावा. पक्षाची उमेदवारी ठरायची आहे. या वर्षी कुदळ ठेवली तर चार लोक चार गोष्टी बोलतील. पुढच्या वर्षी तो स्वतः मंडप घालील, टीव्हीवाले आणील.

"आणि ओलुगू?" अवाने विचारलं.

"त्याला मी शहरातल्या चांगल्या हॉस्पिटलात टाकतो."

"त्याला हॉस्पिटल नकोय. त्याला ढोल हवाय."

"काका, तुमच्या फळीचं तुम्ही बघा. माझी फळी तुमच्याखालची तिसरी. विश्वास नसेल तर माझ्या सरांना विचारा." आणि त्याने माझ्याकडे बोट केलं. "यांनी मला पाचवीत शिकवलंय. पुस्तकात तसं लिहितायत ते. पत्र पाठवलं, एका शब्दाने नाही म्हणाले नाहीत. हो ना, सर?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नुसती मान हलवली, पण ती 'नाही' अशी हलली की 'हो' अशी, हे मला स्वतःलाच कळलं नाही. उक्पाईने ती आपल्याला हवी तशी घेतली आणि गेला. बोकड मागे राहिले. ते अवाने दुसऱ्या दिवशी त्याच्या फाटकाला नेऊन बांधले.

अंगण रिकामं झाल्यावर अवाने मला थांबवून घेतलं.

"एलेके, नियम तुला माहीत आहे. जिवंत गड्याने एक तर यावं, नाहीतर घरच्या माणसाबरोबर कुदळ पाठवावी. दोन्ही केलं नाही, तर सबंध फळी एक वर्ष थांबते. नाव पुकारणारा तू. क्रमात ओलुगूच्या आधी उक्पाई येतो. त्याच्या नावाचं मिटल्याशिवाय ओलुगूचं नाव तुला पुकारता येणार नाही."

"दुसरा रस्ता एकच आहे," मी म्हणालो.

"तोच म्हणतोय मी. नाव पुकारायचं, आणि तो उठला नाही तर सगळ्यांसमोर म्हणायचं, 'हा आमचा नाही.' मग फळी पुढे सरकते. आपल्या हयातीत हे कुणी म्हटलेलं नाही. ज्याच्याबद्दल म्हणतात, त्याला फळीच उरत नाही. त्याची पेटी उचलायला माणूस मिळत नाही. तुला जमेल का? खरं सांग. तुला दुकानात उरलेली मोड मागता येत नाही."

मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

खालच्या तिसऱ्या फळीचा म्होरक्या त्याच आठवड्यात अवाकडे येऊन गेला. उक्पाई त्यांच्याकडे गाय घेऊन गेला होता, मला तुमच्यात घ्या म्हणून. "आम्ही म्हटलं, गाय घेतो, तुम्हाला नाही घेत," तो सांगत होता. "आम्ही जन्मलो त्या वर्षी हे गृहस्थ गावच्या कुस्त्या हरत होते. माझ्या बापाने बघितलंय." आणि अवाचं अंगण पोट धरून हसलं. म्हणजे उक्पाई तिथलाही होऊ शकला नव्हता.

तारीख बदलली नाही. मग उक्पाईने वेगळी चाल केली. समारंभाच्या सकाळी आम्ही मैदानावर पोहोचलो, तर तिथे त्याच्या पक्षाच्या रंगाचे मंडप, भाड्याच्या खुर्च्या, धडधडणारा जनरेटर आणि माणसाएवढे कर्णे. फलकावर लिहिलेलं होतं, 'आपल्या पितृतुल्य ज्येष्ठांच्या सन्मानार्थ, ऑनरेबल उक्पाई इमागा, प्रमुख पाहुणे'. व्यासपीठावर तो मधोमध बसला होता. शेजारी पक्षाचे अध्यक्ष. ते राज्याच्या दुसऱ्या टोकाचे, आमची बोली त्यांना कळत नाही. समोर टीव्हीवाला. आपल्या स्वतःच्या कुदळ ठेवण्याला हा माणूस पाहुणा म्हणून आला होता. समोर बसलो तर कुणाची बोलायची हिंमत होणार नाही, असं त्याने धरलं असावं. माझ्यापुरतं ते बरोबरच होतं.

ओलुगूला चार पुतण्यांनी खुर्चीसकट उचलून आणलं. कुदळ मांडीवर आडवी. ओयिदिया मागे उभी राहून पंख्याने वारा घालत होती. तोंडाने काही बोलत नव्हती, आणि ओयिदिया बोलत नाही म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं.

माझ्या हातात माइक दिला गेला. मी पहिलं नाव घेतलं. अवा उठला, "आहे!" म्हणून गरजला आणि वडीलधाऱ्यांपुढे कुदळ ठेवली. मग मी माझंच नाव घेतलं, मीच "आहे" म्हटलं. लोक हसले. कुदळ ठेवून मी परत आलो.

"उक्पाई इमागा," मी म्हणालो.

व्यासपीठावरून तो माझ्याकडे बघून हसला आणि टाळ्या वाजवायला लागला. त्याच्या माणसांनीही वाजवल्या.

टाळ्या संपल्यावर मी पुन्हा म्हणालो, "उक्पाई इमागा."

आता टाळ्या नव्हत्या. मागे बायकांत कुजबुज सुरू झाली. उक्पाईने हसू तसंच ठेवून मान किंचित हलवली. 'पुढे चला, सर,' अशी. मी ओलुगूकडे बघितलं. त्याचे डोळे माझ्यावर होते, आणि श्वास असा चालला होता की प्रत्येक वेळी वाटे, हा शेवटचा. तरी त्याने बोट उचलून मला खूण केली. आणखी एकदा.

"उक्पाई," मी म्हणालो, "अरे, ऊठ ना बाबा. कुदळ मी देतो तुला माझी."

हे मी ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून गेलं आणि कर्ण्यांतून सबंध मैदानावर पसरलं. क्षणभर मला वाटलं, तो उठतो. त्याचा हात दुखऱ्या गुडघ्यावर गेला होता, उठायच्या आधी जातो तसा. पण तेवढ्यात अध्यक्षांनी वाकून काहीतरी विचारलं, आणि त्याने हात उचलून त्यांच्या खांद्यावर ठेवला.

मग मी म्हणालो, "हा आमचा नाही."

माझा आवाज बारीक आहे. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत कधी पोहोचला नाही. पण त्या दिवशी कर्णे उक्पाईचे होते.

अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, हे म्हातारे काय म्हणाले? पुढच्या रांगेतल्या पोरांनी उत्तर स्पष्ट ऐकलं. उक्पाई म्हणाला, "माझे शिक्षक आहेत. माझं कौतुक करतायत." अध्यक्षांनी मला हात जोडले.

"ओलुगू," मी पुकारलं.

त्याने "आहे" म्हटलं ते फक्त जवळच्यांना ऐकू गेलं. पुतण्यांनी खुर्ची पुढे नेली. कुदळ त्याने ठेवली नाही, हातातून सोडली. दांडा जमिनीवर आपटून एकदा उसळला. ओयिदियाने तेव्हा तोंड उघडलं आणि असा आनंदाचा चीत्कार केला की टीव्हीवाल्याने कॅमेरा तिकडे वळवला.

पावसाआधीच ओलुगू गेला. ढोल सकाळपासून वाजला, पलीकडच्या गावातल्या लोकांनी चौकशी केली इतका. उक्पाई अंत्यविधीला आला होता. त्याला उमेदवारी मिळाली होती, पुढे तो निवडूनही आला. अशांचं सहसा बरंच होतं. पेटी उचलायला आम्ही वाकलो तेव्हा तोही सवयीने पुढे आला. अवाने खांदा मध्ये घातला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाला, "ऑनरेबल, पाहुण्यांची बसायची सोय तिकडे आहे."

त्यानंतर काही दिवसांनी, एका संध्याकाळी उक्पाई माझ्या घरी आला. एकटाच, सचिवाशिवाय. खुर्चीवरची पुस्तकं स्वतः उचलून खाली ठेवली आणि बसला.

"एलेके, ते वाक्य मागे घे," तो म्हणाला. 'सर' नाही, 'आपण' नाही. "माझी आई विचारते, तुझी पेटी कोण उचलणार? नव्वदीची बाई रडते रे रोज."

मी त्याच्यापुढे भाजलेले शेंगदाणे ठेवले.

"मैदानावर काही करायला नको," तो म्हणाला. "तू आणि अवाने दोन ओळी लिहून द्यायच्या, गैरसमज झाला होता म्हणून. शाळेच्या ग्रंथालयाला मी छप्पर घालून देतो. गळतंय म्हणे."

ते गळत होतं, हे खरं होतं. खालच्या कपाटातली इतिहासाची पुस्तकं फुगून गेली होती. मी त्यांचा विचार करत राहिलो, आणि तो मला बघत राहिला.

"म्हणजे ठरलं," तो उठत म्हणाला. "तू गप्प आहेस म्हणजे ठरलं. तुझं मला पाचवीपासून माहीत आहे."

शेंगदाण्यांची मूठ भरून तो गेला. मी दार लावलं, आणि मला इतका राग आला की माझं मलाच आश्चर्य वाटलं. मी खण उघडला, त्याचं पत्र बाहेर काढलं आणि कागद पुढे ओढला. मायना सुचला, नुसतं 'उक्पाई'.

'उक्पाई,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. तुझ्या पुस्तकातलं प्रकरण मी लिहिणार नाही. मी तुला शिकवलेलं नाही. आपण एका बाकावर होतो.

मैदानावर बोललेलं घरात मागे घेता येत नाही. तू मैदानावर ये. सगळ्यांसमोर तुझं खरं वय सांग आणि कुदळ ठेव. मग मी तुझं नाव पुन्हा पुकारीन. तोवर तू आमचा नाहीस. मी गप्प बसलो की माझा होकार असतो असं यापुढे धरू नकोस.

छप्पर नको.

एलेके'

तीनदा वाचलं. 'छप्पर नको' उद्धट वाटलं, खोडावंसं वाटलं. खोडलं नाही.

सकाळी पोस्टात गेलो. खिडकीमागची मुलगी पत्ता वाचून म्हणाली, "काका, ऑनरेबलचं घर तर समोर दिसतंय. मोटरसायकलवाल्याला द्या ना, आत्ता नेऊन देईल. पोस्टाने कधी पोहोचेल ते मीही सांगू शकत नाही."

"मोटरसायकलवाला उत्तरासाठी थांबेल," मी म्हणालो. "पोस्टाने जाऊ दे."

तिने खांदे उडवले आणि तिकीट दिलं. मी ते ओलं करून चिकटवलं, कोपरे अंगठ्याने दाबले. पोस्टाची पेटी जवळजवळ रिकामी असावी, कारण पाकीट तळाला आपटल्याचा आवाज मला नीट ऐकू आला.